तुमची चूल, माझा ओटा

बाई, काल गुलाब मिस्त्री येऊन गेला. दाराशी उभं राहून त्यानं आधी चुलीकडे पाहिलं, मग वर छपराच्या कवेलूंकडे पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाला, "तेरवी तं झाली. आता काम लावू का थांबू?" त्याची काही चूक नाही. विटा येऊन महिना झाला. रेतीचा ढीग मांजरीनं आपला समजून घेतला आहे, आणि शेजारची बकरी विटांवर चढून आपल्या मेथीच्या टोपल्यांवर नजर ठेवते. मी त्याला दोन दिवसांनी ये म्हटलं.

हे दोन दिवस मी तुमच्यासाठी मागून घेतले. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि अर्धवट शिवलेलं कापड घरात ठेवायची मला सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. लिहायला बसले तर कोरा कागद सापडेना. पोरांच्या वह्या फाडल्या तर ती बोंब मारतील. म्हणून स्वयंपाकखोलीच्या नकाशाच्याच पाठीवर लिहिते आहे. कागद खाकी आहे, शिवणवर्गात ब्लाउजचं कटिंग शिकवायला वापरते तोच. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे तुमच्यापर्यंत कसं पोचणार, असं कोणी विचारेल. तुम्ही जिवंत असतानाही माझं बोलणं तुमच्यापर्यंत भलत्याच वाटेनं पोचायचं, तेव्हा त्याची काळजी मी करत नाही.

आपलं घर सरळ नाही हे मी लग्नाच्या दिवशीच पाहिलं होतं. सासऱ्यांनी वर्ध्यालगत सिंदी मेघ्यात पहिल्यांदा जागा घेतली ती रस्त्यालगत, एका खोलीपुरती. अठरा फुटांची ती खोली रस्त्याला आडवी बांधली आणि तिच्यातच चूल, देव, झोपणं सगळं. पुढे वाडीतल्या भाजीवर हात जरा सैल झाला तशी मागची जागा घेतली आणि एकीमागे एक दोन खोल्या चढवल्या. चूल मात्र पहिल्याच खोलीत राहिली. लोकांच्या घरात बैठकीतून आत आत जावं तेव्हा कुठे स्वयंपाकखोली लागते, आपल्याकडे रस्त्यावरून पाय उचलला की माणूस चुलीपुढे. विहीर आणि न्हाणी पार मागे. पाण्याची बादली तीन खोल्या ओलांडून पुढे यायची आणि धूर तीन खोल्या ओलांडून मागे जायचा. नवख्याला पत्ता सांगताना लोक "ते उलटं घर" म्हणायचे आणि माणूस बरोबर आपल्याच दारात यायचा.

दुष्काळाच्या साली मी या घरात आले. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. मी पुलगावच्या मिलच्या क्वार्टरात वाढलेली पोरगी, मला वाटलं पुढे बैठक असेल, म्हणून माप चांगलं जोरात उडवलं. तांदूळ गेले थेट चुलीच्या राखेत. सगळ्या बाया राखेकडे पाहायला लागल्या. तुम्ही चुलीपुढे बसला होता, तुम्ही या घरच्या मोठ्या सूनबाई, मी धाकटी. फुंकणी खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "पाहा वं, उंबऱ्यातच सयपाकाले लागली पोट्टी!" सगळ्या हसल्या आणि माझी लाज तिथल्या तिथे सुटली. हे मी कधी तुम्हाला बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत.

मला चूल पेटवता येत नव्हती. आमच्याकडे रॉकेलचा स्टो आणि कोळशाची शेगडी. कापसाच्या पऱ्हाटीची काडी कशी आडवी घालायची, निखारा कसा राखेत निजवून ठेवायचा, हे सगळं तुमच्याकडून शिकले. लांब रोटी मात्र शेवटपर्यंत जमली नाही. चुलीवर मडकं पालथं घालायचं, परातीत कणीक आपटून आपटून पाण्यासारखी सैल करायची, आणि गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवून मडक्यावर टाकायचा. तुमच्या हातावर ती ओढणीसारखी लोंबायची. माझ्या हातावर तिला भोकं पडायची. "हात सोड नं वं," तुम्ही म्हणायच्या. "काऊन धरून राह्यली तिले? थे पयते का कुठी?" मी धरूनच ठेवायची. हा माझा स्वभाव. कपडा बेतताना चांगला असतो, रोटी करताना नाही.

माझी दोन्ही पोरं तुमच्या मांडीवर वाढली. तुम्हाला स्वतःचं नव्हतं. याबद्दल मी एवढंच लिहिते, कारण कोणी यावर हळहळायला लागलं की तुम्ही उठून विहिरीवर निघून जायच्या.

आता ओट्याचं. मी सकाळी दहाला शिवणवर्गाला निघायची, त्याआधी दोन घरची म्हणावी एवढी भाकर-भाजी व्हायला हवी. मला घाई, चुलीला नाही. त्यात तुमचा खोकला. पावसाळ्यात ओल्या काड्यांचा धूर खोलीभर कोंडला की तुमचे डोळे लाल गुंज व्हायचे आणि तुम्ही पदरानं पुसत म्हणायच्या, "काई नाई, कांदा होता." कांदा कापलेला नसायचा. मी यांना सांगून गॅसचा नंबर लावला. तो लागायला सात वर्षं गेली. तेवढ्या काळात माझी दोन बाळंतपणं झाली, दादांनी, म्हणजे तुमच्या मालकांनी, माझ्या भासऱ्यांनी, वाडीत इंजिन बसवलं, आणि शेवटी एकदाचं नंबर आल्याचं कार्ड आलं. एजन्सीतला माणूस घर पाहायला आला. दारातून आत पाऊल टाकलं आणि चुलीला ठेचकाळला. म्हणाला, शेगडीला उंच ओटा पाहिजे, आणि सिलिंडरजवळ चूल अजिबात नको.

त्या दिवसापासून मी नकाशा काढायला लागले. टेप घेऊन तिन्ही खोल्या मोजल्या. एक इंचाला एक फूट असा हिशेब धरून खाकी कागदावर खडूनं आखलं. स्वयंपाकखोली मागच्या खोलीत, विहिरीला लागून. पाणी जवळ, मोरी जवळ, उजेड मागच्या अंगणातून. ओटा बत्तीस इंच उंच. पुढची खोली मोकळी करून बैठक, खुर्च्या, पडदा. आणि तुमची चूल बाहेर, मागच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली. इतका सरळ नकाशा मी आयुष्यात बेतला नव्हता. मला फार अभिमान वाटला होता.

तुम्हाला दाखवला तर तुम्ही कागद नाकासमोर धरून म्हणालात, "हे कोणाचं पोलकं व्हय?" सगळं समजावून सांगितलं. ही भिंत, हे दार, ही विहीर. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, दसरा होऊ दे. दसरा झाला तर म्हणालात, संक्रांत. मग म्हणालात, मागच्या खोलीत मुंग्या निघतात. मग, देवाचं तोंड बदलते. मग, उभ्यानं सयपाक केला तं अन्नाले चव येत नाई. मी एकेक हरकत खोडून काढायची, तुम्ही दुसरी आणायच्या. माझ्या शिवणवर्गातल्या मुली फी द्यायच्या वेळी जेवढी कारणं सांगत नाहीत तेवढी तुम्ही सांगितली. मला राग यायचा. मला वाटायचं, ही बाई हट्टी आहे, हिला नवं काही नको आहे, आणि हिच्या डोळ्यांसाठी मी मरते आहे तर हिला त्याचं काही नाही.

एकदा, मात्र एकदाच, तुम्ही वेगळं काही विचारलंत. दुपारी मी कागद जमिनीवर पसरून खिडकीची जागा ठरवत होते. तुम्ही चुलीपुढे सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होता. सुतळी दातात धरलेली. उठून आलात, वाकलात, ओट्याच्या चौकोनावर बरोबर बोट ठेवलं आणि विचारलं, "येथून रस्ता दिसते का?"

मी मान वर न करता म्हटलं, "सयपाकखोलीतून रस्ता कायले पाहिजे, बाई? विहीर दिसते नं."

"असं व्हय," तुम्ही म्हणालात आणि परत जाऊन जुड्या बांधायला लागलात. सांबार ताजा होता, त्याचा वास खोलीभर. मी खिडकी विहिरीकडे आखली आणि पुढच्या कामाला लागले.

आता ती दुसरी गोष्ट. तिच्याबद्दल आपण चार वर्षांत एक अक्षर बोललो नाही, पण मला आज ती सोडायची नाही.

शेजारची कांता मेथी घ्यायला आली होती. तुम्ही वाडीत गेलेल्या. तिनं विचारलं, "काय वं सुमन, घराचा नकाशा काढून राह्यली म्हणते?" मी सिलिंडरच्या विचारात. एजन्सीवाल्याचं बोलणं डोक्यात घोळत होतं. मी म्हटलं, "व्हय. आता मले वेगळी चूल पाहिजे. एका खोलीत नाई जमत."

बस, एवढंच. मी मेथी दिली, कांता गेली, मी वर्गाला गेले.

पाचला परत आले. पुढच्या खोलीत जमिनीवर भांड्यांचे दोन ढीग. एका बाजूला तुमची, एका बाजूला माझी. गंज, तपेल्या, ताटं, वाट्या, पेले, चमचेसुद्धा. पालथे घालून, पुसून, नीट लावलेले. दोन्ही ढिगांच्या मधात आपली मोठी परात एकटीच पडली होती. ती आपण दोघींनी मिळून वर्ध्याच्या बाजारातून आणली होती आणि त्या दिवशी नाव टाकणाऱ्याचं दुकान बंद होतं म्हणून तिच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. चूल विझलेली होती.

"घेजो मोजून," तुम्ही म्हणालात. "माह्या ढिगात तुह्यं काही राह्यलं असंन तं सांगजो."

"काऊन बाई? काय झालं?"

"तूच म्हणलं नं, मले वेगळी चूल पाहिजे. कांताच्या तोंडून कायले सांगतलं? मले सांगतलं असतं. मी काय नाई म्हणणार होती?"

क्षणभर मला काही उमजेना. आणि मग उमजलं, आणि मी हसले. खोखो हसले. भिंतीला हात लावून हसले. "अवं बाई, सिलिंडरासाठी! चूल वेगळी म्हणजे चूल वेगळी! आपण नाई!" दादा वाडीतून आले, त्यांना सांगितलं, तेही हसले. हे आले, हेही हसले. पोरं काही न कळता हसली. तुम्ही उठलात, परात उचलून खुंटीला लावली आणि चूल पेटवायला बसलात. तुम्ही हसला नाहीत.

रात्रीच्या जेवणाआधी भांडी फळीवर लावायला मी घेतली, तेव्हा मी नावं वाचली. सवयीनं. माझ्या ढिगात प्रत्येक भांड्यावर माझं नाव, तुमच्या ढिगात प्रत्येकावर तुमचं. आठ-नऊ वर्षं एकाच राखेनं घासलेली, एकाच फळीवर मिसळलेली भांडी. सारख्या पेल्यांचे दोन संच. तुम्हाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. आणि एकही पेला चुकीच्या ढिगात गेला नव्हता. कुठल्या तपेलीला कुठे पोचा आहे, कुठल्या वाटीची कडा कुठे दबली आहे, कोणती माझ्या आईनं दिली आणि कोणती माझ्या मामानं, हे सगळं तुम्ही हातानं ओळखलं होतंत. ऊन उतरेपर्यंत तुम्ही एकट्या बसून एकेक भांडं हातात घेऊन माझ्या बाजूला ठेवत होता. आणि मी येऊन हसले.

ते चुकलं, बाई. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणेन म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारख्या बोलल्या, मग मला वाटलं, गेलं, विसरल्या. विसरल्या नव्हत्या. त्या दिवसापासून तुम्ही माझी भांडी खालच्या फळीवर आणि तुमची वरच्या फळीवर लावायला लागलात. चार वर्षं. मी कितीदा मिसळून ठेवली. संध्याकाळी घरी यावं तर परत वेगळी. तुम्ही तयारीत राहिलात. जायची वेळ आली तर मला शोधायला लागू नये म्हणून.

आणि नकाशाचा विषय मी नंतर काढला की मला वाटायचं, या अजून त्याच रागात आहेत. म्हणून मी चिडून जास्तच पटवायची आणि तुम्ही जास्तच टाळायच्या. सिलिंडर तोवर मधल्या खोलीत टेबलाखाली पडून. शेगडी टेबलावर. मी तिथे उभी राहून माझा चहा आणि वरण करायची, तुम्ही पुढे बसून भाकरी. एका घरात दोन ठिकाणी धग. वेगळी चूल म्हणतात ती याहून निराळी काय असते? कांताचं तरी काय चुकलं होतं?

या वर्षी संक्रांत झाल्यावर तुम्हीच एकदा म्हणालात, "बांध वं, तुले बांधाचं ते. टेबल हालते तुह्यं. एखादवेळेस भाजून घेशीन." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मटाराच्या शेंगा सोलत होता. "खरंच, बाई?" "व्हय म्हणलं नं." मी त्याच दिवशी मिस्त्रीला निरोप पाठवला. तुम्ही रागावून म्हणालात की मनापासून, हे मी विचारलं नाही. मला हवं ते मिळालं होतं. विटा आल्या तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून गाडीवाल्याला त्या मोजून रचायला लावल्या आणि एक तुटकी निघाली ती बदलून घेतली. मला वाटलं, आता सगळं सुरळीत झालं.

त्या मंगळवारी सकाळी तुम्ही चुलीवर दूध ठेवलं आणि भिंतीला टेकलात. मी मधल्या खोलीत. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून ओरडले, "बाई, दूध!" तुम्ही ओ दिली नाही. मी आधी दुधाचा गंज उतरवला. आधी गंज उतरवला आणि मग तुमच्याकडे पाहिलं. हे मला आता रोज आठवतं. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसेल. तोंडावर खरंच काही त्रास दिसत नव्हता. मान उजवीकडे कललेली. उजवीकडे दार होतं.

तीन दिवस घरात चूल पेटली नाही. डबे शेजारून यायचे. तिसऱ्या दिवसानंतर कोणीतरी पेटवायला हवी होती, म्हणून मी बसले. बाई, तेरा वर्षांत मी तुमच्या जागेवर कधी बसले नव्हते. लाकडं पुढे सारली असतील, भाकर उलटली असेल, पण ती वाकून, बाजूनं. त्या पाटावर, भिंतीला पाठ लावून, कधीच नाही. पेटवायला घेतली आणि मान सहज उजवीकडे वळली. दार उघडं होतं. सगळा रस्ता समोर.

वर्ध्याकडे जाणाऱ्यांच्या सायकली, शाळेच्या पोरी, बैलबंड्या, वाडीवरून येणाऱ्या बाया. उभ्यानं दिसत नाही, दाराची चौकट बुटकी आहे, उभं राहिलं की फक्त लोकांचे पाय दिसतात. बसलं की डोळ्याला डोळा भिडतो. मला कळेचना की हे इतकी वर्षं माझ्या घरात होतं. तेवढ्यात एक म्हातारा सायकलवरून उतरला, टोपी काढून आत पाहिलं आणि म्हणाला, "रोज जाता-जाता बाई विचारे, जेवले का म्हणून. घरी कोणी विचारत नाई मले." मग एक पोरगी थांबली, शाळेत जाणारी. म्हणे, बाई तिच्या वेण्या सरळ आहेत का ते सांगायच्या, तिच्या घरचा आरसा फुटला आहे. मग एक चिंध्यावाली. मग पोस्टमन. तेरवीपर्यंत रोज कोणी ना कोणी. यातल्या निम्म्या लोकांची मला नावंही माहीत नव्हती. मी रोज त्यांच्यातूनच वर्गाला जायची.

येथून रस्ता दिसते का? तुम्ही एवढंच विचारलं होतं. मुंग्या, देव, अन्नाची चव, ही सगळी कारणं मी खोडून काढली. खरं कारण तुम्ही एकदाच बोललात आणि ते मी मान वर न करता उडवून लावलं. मी तुम्हाला विहीर दाखवली. धुरातून सोडवते म्हणून तुम्हाला मागच्या अंगणात टिनाखाली भिंतीकडे तोंड करून बसवणार होते, आणि तुम्ही त्याला "व्हय म्हणलं नं" म्हणालात. माझं टेबल हलतं म्हणून.

तुमचा मला रागही येतो, हे लिहून ठेवते. सांगायला काय झालं होतं? "मले रस्ता पाह्याले लागते," एवढे चार शब्द. मी काही नाही म्हणणार होते? हे वाक्य लिहिलं आणि आठवलं, हे तर तुमचंच वाक्य आहे.

शेजारणींनी सुतकाच्या दिवसांत आपली भांडी घासून कशीही लावली. वरची खाली, खालची वर. मी ती तशीच राहू दिली आहेत.

इथवर लिहून कागद गुंडाळून ठेवला होता. आज मिस्त्री आला. मी त्याला नवा नकाशा दाखवला, काल दुपारी आखलेला. मागची खोली पोरांना अभ्यासाला. स्वयंपाकखोली पुढेच, आहे तिथेच. तुमची चूल दाराच्या या बाजूला, जिथल्या तिथे, तिला हात लावायचा नाही, फक्त वर धुराडं काढायचं. दाराच्या त्या बाजूला, खोलीच्या दुसऱ्या टोकाशी, माझा ओटा, आणि ओट्याच्या वर रस्त्याकडे खिडकी. एजन्सीत जाऊन विचारून आले, एवढं अंतर चालतं म्हणाले. विहिरीवरून पाइप आणायचा, घराच्या बाजूनं. दादांना विचारलं. ते विटांकडे पाहत म्हणाले, "तिची चूल राहू दे म्हणजे झालं." लांब रोटी आता कोण करणार, हे त्यांनी विचारलं नाही. मी करणार. भोकं पडतील. हात सोडायला शिकेन कधीतरी.

मिस्त्रीला पटेना. त्यानं डोकं खाजवलं. "पाहुणे पुन्हा सयपाकातूनच येतीन, बाई."

त्यानं मला बाई म्हटलं. आधी तो मला मास्तरीण म्हणायचा. काम करणाऱ्या माणसासमोर रडायचं नाही हे मी तुमच्याकडूनच शिकले. "येऊ दे," मी म्हटलं.

"लोकं उलटं घर म्हणते तुमच्या घराले."

"म्हणू दे. पत्ता सापडते त्यांले."

त्यानं टेप काढला, इकडून तिकडे मोजलं, भिंतीवर कोळशानं दोन खुणा केल्या. मग रस्त्यावर जाऊन लांबून पाहिलं आणि तिथूनच मोठ्यानं विचारलं, "म्हणजे ओटा वेगळा अन् चूल वेगळीच ठेवाची नं, बाई?"

या वेळी मी हसले नाही. तुमच्या पाटावरून उठले, दारात गेले आणि त्याच्याइतक्याच मोठ्यानं म्हटलं, "वेगळी नाई. या घरात चूल एकच आहे. दोन जागी पेटते."

मिस्त्रीनं वहीत काय लिहून घेतलं कोण जाणे. पण कांता समोरच उभी होती, मेथीची जुडी हातात घेऊन, आणि तिनं सगळं ऐकलं. दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल, बाई. तुमच्यापर्यंतही येईल.